रिकामी लिफ्ट

४ मार्च

वन्सं,

ही चिठ्ठी तुमच्या लॅबला तपासायला येणाऱ्या मशिनच्या तेलाच्या बाटलीबरोबर पेटीत घालतेय. तुमच्या दादांनी पेटी बांधून दाराशी ठेवली आणि मशिनवर गेले, तेवढ्यात मी दोरी सोडली. बाटली आत खुळखुळत होती, म्हणून तिच्याभोवती त्यांचं एक कामाचं फडकं गुंडाळलं. त्यांनी ते धुवायला बादलीत टाकलं होतं. मळकं आहे, वासही मारतं, पण तुम्हाला तरी लॅबमध्ये कुठे अत्तराची सवय आहे! त्यांना यातलं काही कळू देऊ नका, नाहीतर माझं काही खरं नाही.

लिहायचं कारण एवढंच की मला भीती वाटतेय.

आमची इथे बदली होऊन वर्ष होत आलं आणि तुम्ही एकदाही फिरकला नाहीत, म्हणून आधी इथलं सांगते. कड्याच्या पायथ्याशी खालचं गाव, माथ्यावर वरचं, आणि मध्ये कड्याला चिकटून लिफ्टचा उंच मनोरा. जिनाही आहे, पण त्या पायऱ्या चढून आलं की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. त्यामुळे शाळा, बाजार, दवाखाना, सगळं लिफ्टच्या जिवावर. खालच्या दारावर एक म्हातारा दारवाला आहे. तो लोकांना आत घेतो, जाळी ओढतो, घंटा वाजवतो, की वर मशिनखोलीत हे हँडल फिरवतात. आमचं घर मशिनखोलीला लागूनच. आमची भिंगरी सकाळी शाळेला खाली जाते, दुपारी वर येते. लिफ्टमध्ये एक फोन आहे, थेट मशिनखोलीत लागतो. त्यावर ‘बाबा, उचला!’ असं ओरडल्याशिवाय आमच्या बाईसाहेबांना चैन पडत नाही.

तर तुमचे दादा. थंडीत काय खुशीत होते! मशीन गुरगुरतं म्हणून ऑफिसातले टोमणे मारायचे. यांनी कुठूनसं जाड, भारीचं तेल आणून घातलं आणि गुरगुर बंद. मग काय, घरात चालतानासुद्धा छाती पुढे! आणि आता बघाल तर ओळखणार नाही. बोलत नाहीत. घास हातात धरून भिंतीकडे बघत बसतात. भिंगरी मशिनखोलीत बसून अभ्यास करायची, तिला परवा असं काही खेकसून हाकललं की पोर दोन दिवस माझ्या पदराआड. बाहेर पडले की खोलीला कुलूप.

आणि वन्सं, आपले कपडे आपण धुतात हो! ज्या माणसाने लग्नापासून रुमाल कधी भिजवला नाही, तो मोरीत बसून शर्ट चोळतोय. शेजारीण म्हणते, नवरा कपडे धुवायला लागला की बाईने डोळे उघडे ठेवावेत. मी हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कुणी बाई असेल का? की आजार? खोकल्यातून रक्त पडत असेल आणि लपवत असतील का?

ते तुमचं ऐकतात. आडून आडून विचारून बघा. माझं नाव घेऊ नका.

तुमची वहिनी


७ मार्च

वहिनी,

आधी तुमच्या काळजीचं उत्तर देते. बाई नाही. दादाला तुमच्याशी चार शब्द बोलायला किती महिने लागले होते आठवतंय ना? दुसरीशी बोलायची त्याची हिंमत नाही. आजारही नसावा.

पण तुमचं पत्र आल्यापासून माझाही जीव थाऱ्यावर नाही. कारण वेगळं आहे.

दादाची बाटली तपासली. तेल इतकं नितळ की आमचा शिपाई म्हणाला, मॅडम, यात काही घातलंय की नुसतीच बाटली पाठवलीय? वहिनी, कुठलंही चालतं मशीन तेलात काही ना काही सोडतंच. धातूवर धातू घासू नये म्हणून तेल मध्ये केसाहूनही पातळ थर धरून बसतं. तरी मशीन सुरू होताना, थांबताना, वजन वाढलं की तो थर जरा फाटतो आणि कणभर धातू झिजतो. ते कण मोजायचे हीच माझी नोकरी. दादाच्या तेलात एकही कण नाही. गेल्या महिन्यातही नव्हता. तेव्हा मी अख्ख्या लॅबला मिरवून सांगितलं होतं की बघा, माझा भाऊ मशीन कसं पोरासारखं सांभाळतो.

मग तुम्ही गुंडाळलेलं फडकं हातात आलं. त्याला सडक्या अंड्याचा वास होता, बाटलीतल्या तेलाला नव्हता. मला राहवेना. ते फडकं पिळलं, निघालेले थेंब पांढऱ्या गाळणकागदावर टाकले आणि तेल धुऊन काढलं. कागदावर सोनेरी भुकटी उरली. उन्हात धरली तर चमचम करायला लागली. 

लिफ्टच्या गिअरमध्ये काहीतरी बिघडलंय असा मला संशय आहे. पण संशयावर मी कागद काढला आणि चुकीचा निघाला, तर भावाची नोकरी मीच घालवली असं होईल. म्हणून आधी दोन गोष्टी सांगा. दादा बाटली भरतो कुठे, कशी? आणि ते जाड तेल ज्या डब्यातून आणलं तो डबा तुम्ही पाहिलाय का? मोरीत, माळ्यावर, कुठेही असेल. दादाला विचारू नका, चोराच्या मनात चांदणं असतं.

तोवर लिफ्टमध्ये जपून बसा. भिंगरीलाही जपा.

तुमची वन्सं


१० मार्च

वन्सं,

बाई नाही हे वाचून मी चुलीसमोर एकटीच हसले. तुमच्या दादांना काय वाटलं कोण जाणे, आत डोकावून गेले. पुढचं वाचलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

बाटली ना? ती तर आमच्या ओट्यावरच भरतात. गेल्या खेपेला मीच नरसाळं धरलं होतं. पातळ, पिवळट तेलाचा नवा डबा आहे, सील फोडलं आणि भरली. मी म्हटलं सुद्धा, अहो, मशिनचं तपासायचं ना? तर म्हणाले, मशिनमधलं काय नि डब्यातलं काय, तेल ते तेलच. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तारीखही माझ्याकडूनच लिहून घेतली, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. असंच भरायचं असतं ना हो? मला यातलं काय कळतंय! पण तुम्ही विचारलंत तेव्हापासून त्या नरसाळ्याकडे बघवत नाही.

दुसरा डबा मोरीमागे सापडला, गोणपाटाखाली. त्यावर ट्रकचं चित्र आहे. झाकण उघडलं तर तोच सडका वास. मी झाकण लावतेय तेवढ्यात हे मागे उभे! म्हणाले, काय करतेस? म्हटलं, झुरळं बघतेय.  दुसऱ्या दिवशी डबा तिथे नव्हता. वन्सं, हा माणूस मला घाबरतोय. नवऱ्याला बायकोची भीती वाटते ती चेष्टेतली असते, ही तसली नाही हो. मी दारातून आत आले तरी दचकतात.

भिंगरीची मात्र काळजी करू नका. तुम्ही जपा म्हणालात, तशी जपतेय. शाळा सुटली की लिफ्टला ही झुंबड असते, माणसं नुसती कोंबलेली. एवढ्या ओझ्याने काही तुटलं-बिटलं तर? म्हणून मी दारवाल्याला बजावून ठेवलंय की गर्दीत माझ्या पोरीला चढवायचं नाही. सगळी गर्दी वर जाऊ दे, मग तिला एकटीला रिकाम्या लिफ्टमध्ये बसव. वजनच नाही तर पडेल कशी? पोर खुश आहे, राणीसारखी एकटी येते. काल आली ती हसतच. म्हणाली, आई, आज लिफ्टला उचकी लागली होती.

तुम्ही खरं काय ते लवकर कळवा. मला आता अर्धवट काही सहन होत नाही.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

भिंगरीला रिकाम्या लिफ्टमध्ये बसवू नका. एकटीला तर मुळीच नाही. आज, आत्ता, शाळा सुटायच्या आत खाली जाऊन तिला अडवा. चूक तुमची नाही, माझी आहे. मी नुसतं ‘जपा’ लिहिलं. जिन्याने जा असं सरळ का लिहिलं नाही मी?

तुमच्याकडे बाहेरून लागणारा फोन एकच, तोही मशिनखोलीत. सकाळी लावला, दादानेच उचलला. मी म्हटलं, दादा, लिफ्ट थांबव, मला सगळं कळलंय. तो म्हणाला, तू बाटल्या तपास, मशीन मी बघतो. आणि ठेवला. नंतर घंटा वाजत राहते, उचलत नाही. तुमच्या ऑफिसला लावला, तर साहेब दौऱ्यावर. कारकून म्हणाला, लेखी पाठवा. लेखी! आमच्या लॅबकडून लिफ्ट बंद करायचा हुकूम निघू शकतो, पण त्यावर आमच्या साहेबांची सही लागते आणि ते परवा येतात. सही मिळाली की तो कागद घेऊन मीच येणार आहे. तोवर हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. त्याला सांगितलंय, खालच्या दारवाल्याकडे दे आणि वहिनींना लगेच बोलावून घे म्हणावं.

तुम्हाला अर्धवट नको होतं ना? मग वाचा.

वर मशिनखोलीत मोटर आहे. मोटर एक आटे पाडलेला स्टीलचा दांडा फिरवते. त्या दांड्याचे आटे एका मोठ्या चाकाच्या दातांत अडकलेले असतात. ते चाक फिरलं की दोर ओढला जातो आणि लिफ्ट हलते. चाक मुद्दाम ब्राँझचं करतात, कारण दांडा त्याच्या दातांवरून सतत घसरत असतो आणि स्टीलवर ब्राँझ चांगलं घसरतं. मध्ये तेल असतं. दादाने त्यात ट्रकच्या गिअरचं तेल ओतलं. ट्रकमध्ये स्टीलवर स्टील असतं, तिथे त्या तेलातलं गंधकाचं रसायन दातांवर कवच धरतं. ब्राँझला मात्र तेच रसायन खातं. मशीन तापलं की भराभर खातं. आवाज थांबला कारण तेल जाड होतं. दादाला वाटलं, जिंकलो. करायला गेला एक आणि झालं भलतंच. फडक्यात चमकत होती ती भुकटी म्हणजे त्या चाकाचे दात आहेत, वहिनी. त्याच्या शर्टावर ती पडत असणार, म्हणून तो शर्ट स्वतः धुतो. आणि मला डब्यातलं तेल पाठवतो. आता तेल बदललं तरी गेलेले दात परत येत नाहीत. ती उचकी म्हणजे दात निसटायला लागलेत.

आता नीट वाचा. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचे ठोकळे टांगलेले आहेत, मोटरला सगळं वजन उचलावं लागू नये म्हणून. ते अर्ध्या भरलेल्या लिफ्टइतके जड असतात. म्हणजे रिकामी लिफ्ट त्यांच्यापेक्षा हलकी. दात तुटले तर भरलेली लिफ्ट खाली सुटेल, पण तिच्याखाली पकडी आहेत, वेग वाढला की त्या रुळांना घट्ट धरतात. जुन्या लिफ्टच्या पकडी फक्त खाली जाताना धरतात. वर जाताना धरणारं काही नाही. रिकामी लिफ्ट वर सुटली, तर ठोकळे खाली येतील आणि ती सरळ मनोऱ्याच्या छताला जाऊन आदळेल. लोकांना लिफ्ट खाली पडायची भीती वाटते. मला तुमची हलकीफुलकी पोर एकटी बसलेली दिसते. उभ्या लिफ्टलाही हे होऊ शकतं.

ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक मोटरच्या बाजूच्या दांड्यावर असतो. दांडा जागेवर थांबेल, पण दातच उरले नाहीत तर चाक मोकळं फिरेल.

लिफ्ट बंद करा. दादाच्या पाया पडा, त्याला बदडा, काहीही करा. त्याची नोकरी गेली तरी चालेल. मला माझी भाची जिवंत हवी आहे.

तुमची वन्सं


१५ मार्च

वन्सं,

त्या दिवशी फोनवर ‘बंद झाली’ एवढंच बोलता आलं. हे समोर बसले होते. आज तुमच्याऐवजी तुमचे साहेबच माणसं घेऊन आलेत, मशीन उघडून बसलेत, हे त्यांच्यापाशी आहेत, म्हणून लिहायला बसले. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

ड्रायव्हरने पत्र दारवाल्याला दिलं, दारवाल्याने वर निरोप धाडला, आणि मी काय असेल म्हणून लिफ्टनेच खाली आले! सोबत आणखी चौघी होत्या. दाराशी उभ्या उभ्या पत्र वाचलं. ठोकळ्यांचं वाचलं आणि खालीच बसले. दारवाला पाणी घेऊन धावला. त्याला म्हटलं, आजोबा, कुणाला आत घेऊ नका, ही लिफ्ट पडणार आहे. तो म्हणाला, बाई, मशीनवाला तुमचा नवरा, बंद करायची तर त्याला सांगा, मला कोण विचारतंय? रांगेतले हसायला लागले. एकजण म्हणाला, घरातलं भांडण घरात करा. आणि शाळा सुटायची वेळ झालेली.

लिफ्टमधला फोन उचलून यांना म्हटलं, बंद करा. मला सगळं कळलंय, वन्संनी लिहिलंय, ब्राँझ, दात, ट्रकचं तेल, सगळं. यांचा आवाज इतका शांत की मीच चमकले. म्हणाले, तिला तिथे बसून काय दिसतंय? मशीन ठणठणीत आहे. तू वर ये, घरात बोलू. लोकांसमोर तमाशा नको.

मला काय झालं मलाच सांगता येणार नाही. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ठणठणीत आहे ना? मग येते वर. मी एकटीच बसलेय, रिकामी आहे लिफ्ट. घंटा वाजवायला सांगते. उचला मला. आणि जाळी ओढून घेतली. वन्सं, तुमचं पत्र माझ्या हातात होतं! रिकामी लिफ्ट म्हणजे काय ते वाचून मिनिटभरही झालं नव्हतं. तरी बसले. मला वाटलं, हा माणूस नाही म्हणेल. लगेच म्हणेल.

 दारवाल्याने घंटा वाजवली. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी ‘अहो’ म्हटलं, तरी नुसता श्वास.

तेवढ्यात जाळी सरकली आणि माझ्या काखेतून भिंगरी आत शिरली. शाळा सुटल्या सुटल्या धावत आली होती, दारवाल्याला चुकवून. मी तिला धरायच्या आत तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि रोजच्यासारखी ओरडली, ‘बाबा, उचला!’

लिफ्टमधला दिवा गेला. त्यांनी मेन स्विच खाली ओढला होता. वर ब्रेक खाडकन बसला, तो आवाज खालपर्यंत आला. मला वाटलं, सुटलो. आणि मग लिफ्ट हलली. वीज नाही, ब्रेक लागलेला, आणि लिफ्ट आपणहून वीतभर वर सरकली आणि थांबली. पायाखालून जमीन सरकली म्हणतात ना, तसं नाही हो, जमीन तिथेच होती, आम्हीच वर चाललो होतो. मी पोरीला उचलून जाळीतून बाहेर अक्षरशः फेकली. दारवाल्याने झेलली. माझा पाय बाहेर पडायला आणि लिफ्ट आणखी एक हिसका घ्यायला गाठ पडली. मग ती हातभर उंचीवर अडकून राहिली. रांगेतलं कुणी हसत नव्हतं. 

हे जिन्याने धावत आले. कसे आले देव जाणे, गुडघे फुटले होते. भिंगरीला हात लावायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. मग तिथेच, सगळ्या लोकांत, भुईवर बसले आणि म्हणाले, मी केलं हे. मला दोन महिने माहीत होतं. लोक ओरडले, एकाने कॉलर धरली. मी सोडवायला गेले नाही.

आज चाकाचं झाकण काढलं. तुमच्या साहेबांनी मला बोलावून दाखवलं. दात सुरीच्या पात्यासारखे झालेत, आणि चार-पाच तर मुळापासून गेलेत. खाली तेलात सोन्याचा चिखल. साहेब म्हणाले, बाई, नशीब बलवत्तर तुमचं.

वन्सं, आता मुद्द्याचं. मला लिफ्टची भीती राहिली नाही, ती बंद आहे. मला या माणसाची भीती वाटतेय. काल मी त्यांना विचारलं, पोरगी रोज एकटी येत होती, तुम्ही हँडल फिरवत होतात. कसं फिरवलंत? ते म्हणाले, ती बसली की मी एका हाताने हँडल फिरवायचो आणि दुसरा हात ब्रेकवर. ती पोचेपर्यंत ब्रेकवरचा हात काढायचो नाही. काही झालं असतं तर दाबून धरला असता. असं म्हणाले आणि हमसून हमसून रडले.

मी ते ऐकून घेतलं. पण तुम्ही पत्रात लिहिलंय की ब्रेक दांड्यावर असतो आणि दात गेले तर त्याचा उपयोग नाही. मी स्वतः बघितलं, ब्रेक लागलेला असताना लिफ्ट सरकली. मग त्यांना हे माहीत नव्हतं का? माहीत नसेल, तर मी म्हणेन, चुकला बिचारा, आपल्या परीने पोरीला जपत होता. आणि माहीत असेल तर? खरं काय ते सांगा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? भाऊ म्हणून पाठीशी घालू नका.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

मी उद्या तिकडे येतेय, पण हे तुमच्यासमोर बसून माझ्याने बोलवणार नाही. म्हणून एक दिवस आधी बसने पुढे पाठवतेय. माझ्यासमोर वाचू नका.

दादाला माहीत होतं.

लिफ्टवर काम करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट आहे, ब्रेक कुठे असतो आणि तो काय धरतो. मी लॅबमध्ये बसते, मला हे पुस्तकातून कळलं. त्याने आयुष्यभर ते ब्रेक स्वतःच्या हातांनी बसवलेत. त्या ब्रेकवर हात ठेवून भिंगरीला धरता येणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ठेवायचा. मला वाटतं, हात मोकळा ठेवून ते हँडल त्याला फिरवताच आलं नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तुमच्या मनात असणारच. निदान तिला तरी त्याने का अडवलं नाही? कारण ‘भिंगरीला जिन्याने पाठव’ असं तो एकदा जरी म्हणाला असता, तरी तुम्ही विचारलं असतंत, का? आणि त्याला तेवढ्या एका ‘का’ची भीती वाटली. माणसं चिडतील, तुरुंग होईल, नाव जाईल, या सगळ्याची वाटली असेल. पण रोज दुपारी त्याच्यासमोर जो प्रश्न होता तो एवढाच होता, आणि रोज त्याने पोरीला लिफ्टमध्ये बसू दिलं.  तो माझा भाऊ आहे. लहानपणी मला विहिरीकाठी जाऊ द्यायचा नाही, इतका भित्रा होता.

त्याला घरात ठेवा की काढा, मला विचारू नका. मी त्याची बहीण आहे, माझं मत कामाचं नाही. तुम्ही भिंगरीला घेऊन माझ्याकडे राहायला येणार असाल तर खोली रिकामी आहे. तो एकटा राहू शकणार नाही असं वाटत असेल तर तसं करा. मी कशालाच नावं ठेवणार नाही.

पण एक सांगून ठेवते, कारण तेही मला तुमच्यासमोर बोलता येणार नाही. परवा चौकशी आहे आणि बाटल्यांबद्दल मलाच बोलावलंय. साहेबांनी विचारलं, हे जाणूनबुजून केलं की अज्ञानाने? अज्ञानाने म्हटलं तर दादा सुटेल. मी तसं म्हणणार नाही. लोक त्या मनोऱ्यात रोज त्याच्या भरवशावर बसत होते, तुम्हीही, तीही.

उद्या मी आले की तो दारात येईल, मला ओळखून हसायचा प्रयत्न करेल. मी काय करेन मला माहीत नाही.  दारात तुम्ही या आधी. जमलं तर भिंगरीला पुढे करू नका, तिच्या देखत मला त्याच्याकडे बघून हसावं लागेल.

तुमची वन्सं